पासंग

तराजूवाला त्या संध्याकाळी गिरणीवाल्याचा वजनकाटा बसवून घरी निघाला होता. काम चोख झालं होतं. गिरणीवाल्यानं चहा विचारला, यानं नको म्हटलं. कामाच्या ठिकाणी पाणीसुद्धा न घेणारा माणूस. हत्यारांची पिशवी खांद्याला, मान ताठ, आणि चालणं असं की समोरच्यानंच बाजूला व्हावं.

पुलाच्या अलीकडे एक बोका त्याच्या बरोबर चालायला लागला.

मागून आला नाही, पुढून आला नाही. बघतो तर बरोबर. राखी रंगाचा, भरल्या अंगाचा, शेपूट काठीसारखी वर. तराजूवाल्यानं पाय आपटला. भटकं मांजर असतं तर पळालं असतं. यानं उलट पोटरीला अंग घासलं.

"चल, फूट."

बोक्यानं वर बघून तोंड उघडलं. आवाज काही आला नाही.

रस्त्यावर वाळकी पानं पडली होती. तराजूवाल्याच्या पायाखाली ती चुरचुर वाजत होती. बोका त्याच पानांवरून चालला होता, आणि एकही पान वाजत नव्हतं. मांजराचं पाऊल हलकंच असायचं, असं मनाशी म्हणून तो घरी आला.

घर म्हणजे पुढं दुकान आणि मागं एक खोली, स्वयंपाकघर. मधे एक दार. मागच्या खोलीत खाटेवर त्याची बायको. मोठ्या दुखण्यातून उठली होती. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी तराजूवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "वजन भरत गेलं तर त्या तुमच्या. आणखी उतरलं, तर माझ्या हातात काही नाही." त्या दिवसापासून तो दर आठवड्याला तिला दुकानातल्या मोठ्या वजनकाट्यावर उभं करायचा. वजन भरत होतं. हळू, पण भरत होतं. त्या सुईकडे बघून त्याला रात्री झोप लागायची.

"अहो, कोणाला घेऊन आलात?"

"मी कशाला आणतोय? आपणहून आला."

"तुमच्या मागं कोणी आपणहून येतं? मला तर चौघांनी समजूत घालून धाडली होती." ती हसली, मग खोकली, मग पुन्हा हसली. "ये रे पाहुण्या."

नाव पडलं ते तिथंच.

घरात एक मांजरी होतीच. तिला मामी म्हणत. काळी, जाडजूड, आणि तोंडावर कायम असा भाव, की तुम्हा लोकांना घर सांभाळायची अक्कल नाही. गल्लीतला एक दांडगा बोका तिनं असा फोडून काढला होता, की तो अजून लांबच्या वाटेनं जायचा. तराजूवाल्यानं मनात म्हटलं, आता बघ पाहुण्या तुझा सत्कार.

मामी आली. केस फुलवले नाहीत, गुरगुरली नाही. पाहुण्याभोवती एक फेरी मारली, त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि बराच वेळ वास घेतला. मग शांतपणे गेली आणि खाटेच्या पुढ्यात, गार फरशीवर, आडवी पसरली. मामी फरशीवर कधी निजायची नाही. गादीशिवाय तिचं चालायचं नाही.

"बघा, पाहुण्याला जागा सोडली हो तिनं," बायको म्हणाली.

घरात काहीही नवीन आलं की वजन करायचं, ही तराजूवाल्याची खोड. भोपळा आणला तरी, शेजारच्या शिंपिणीचं पोर घटकाभर आलं तरी. दुकानात आढ्याला त्याच्या हातचा एक तराजू टांगलेला होता. पितळी पारडी, लोखंडी दांडी. त्यानं पाहुण्याला एका पारड्यात ठेवलं. पाहुणा शहाण्यासारखा बसला, पंजे पोटाशी घेऊन. दुसऱ्या पारड्यात वजन टाकलं, ते धाडकन खाली गेलं. लहान टाकलं, तेही गेलं. त्याहून लहान. शेवटी अगदी बारकं वजन, सराफ वापरतात तसलं, चिमट्यानं ठेवलं, तेव्हा कुठं दांडी सरळ झाली.

एवढा थोरला बोका, आणि वजन मूठभर कापसाचं.

त्यानं पाहुण्याच्या बरगड्या चाचपल्या. मांस होतं. ऊब होती. बोटांखाली घुरघुर होती. तराजूवाल्याला भीती वाटली नाही, कुतूहल वाटलं. कुतूहल भीतीपेक्षा वाईट. भीतीनं माणूस दार लावून घेतो. कुतूहलानं उघडं ठेवतो.

मग रोज सकाळचा खेळच झाला. एका पारड्यात मामी, दुसऱ्यात पाहुणा. पहिल्या दिवशी मामीचं पारडं जमिनीला टेकलं आणि पाहुणा वर आढ्याशी लोंबकळत राहिला. शिंपीण दारातून बघून म्हणाली, "काका, तिकीट लावा. सर्कस काढा."

"तू आपलं काजं-बटणं बघ."

"बघतेच आहे. पण हा बोका किती लाघवी हो! काल माझ्या मांडीवर बसला, उठावंसंच वाटेना. नंतर पायांत त्राणच नव्हतं मेलं."

पाहुणा भरत चालला. रोज त्याचं पारडं थोडं खाली यायचं. तराजूवाला खूश. कितीही तऱ्हेवाईक असो, घरात आलेला जीव भरला की माणसाला बरं वाटतं. फक्त त्याला उमजत नव्हतं, हा भरतो कशावर? ताटली ठेवावी तशी भरलेली राहायची. मामी मात्र आपली आणि त्याची, दोन्ही चाटूनपुसून साफ करायची.

एका सकाळी दोन्ही पारडी समपातळीत आली. आणि दुसऱ्या सकाळी मामी वर गेली.

तराजूवाला हसला. दुप्पट खाणारी मांजरी उपाशी बोक्यापेक्षा हलकी? तराजू खोटं बोलायला लागला म्हणायचा. त्याच्या वस्तादानं त्याला कानाला धरून शिकवलं होतं, मालाला दोष द्यायचा नाही. माल असतो तेवढाच असतो. चूक दांडीत शोधायची. दुसऱ्याचा तराजू असता तर त्यानं आधी रिकामा टांगून पाहिला असता. हा त्याच्या स्वतःच्या हातचा होता. त्याची परीक्षा कसली घ्यायची? मांजरांच्या उड्यांनी दांडी कुठंतरी घासली असेल, असं त्यानं ठरवून टाकलं आणि मामीच्या पारड्याखाली शिशाचा एक तुकडा चिकटवला. पारडं हलकं पडलं की खालून असा तुकडा लावून तराजू जुळवतात. त्याला पासंग म्हणतात.

दुसऱ्या सकाळी मामी पुन्हा वर. पुन्हा पासंग. तिसऱ्या सकाळीही तेच. तो रोज लावत गेला आणि रोज तराजू जुळत गेला. खेळ झाला की दांडी वर खुंटीला अडकवून ठेवायचा. जुळलेला तराजू दिसला की तराजूवाल्याचं समाधान व्हायचं. समाधान झालं की तो मामीकडे बघायचा नाही.

मग एका दुपारी त्यानं पारडी पुसायला घेतली. मांजरं आत होती. फडकं फिरवायला त्यानं दांडी मोकळी केली, आणि मामीचं रिकामं पारडं धाडकन फरशीवर आपटलं. आवाज असा झाला की आतून बायको ओरडली, "काय पडलं हो?"

तो खाली वाकला. पारडं उलटं करून बघत बसला. खाली शिशाच्या तुकड्यांचा थर होता, गांधीलमाशीच्या पोळ्यासारखा. त्यानं छिन्नीनं एकेक तुकडा काढला आणि तळहातावर घेतला. एका हातात मावेना, दुसरा पुढं करावा लागला. रिकामा तराजू सोडून पाहिला. दांडी सरळ. केसाचा फरक नाही. तराजू पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता.

त्याच्या ओंजळीत जे होतं, ती मामी होती.

आत जाऊन त्यानं तिला उचललं. वाळत घातलेलं फडकं उचलावं तशी ती हाताला आली. डोळे मात्र तेच. अक्कल नाही तुम्हाला, असं म्हणणारे. खाटेवर, बायकोच्या पायथ्याशी, पाहुणा पसरला होता. गादीला तिथं खड्डा पडला होता.

"याला बाहेर काढतो."

"असू द्या हो. पायाशी ऊब असते त्याची."

"मामी बघ. झिजलीय."

"म्हातारी झाली ती. मी नाही झिजले? लगेच गरिबाला घराबाहेर कसलं काढता?"

खरं तर काढायला हवा होता. पण तराजूवाल्याला आता बघायचं होतं. मामी बाजूला केली तर याचं वजन वाढायचं थांबतं का? थांबलं, तर कोडं सुटलं. आयुष्यभर त्यानं चुका अशाच शोधल्या होत्या, एक वजन काढून घ्यायचं आणि दांडी काय करते ते बघायचं. त्यानं मामीला दुकानात ठेवलं आणि मधलं दार लावून घेतलं.

मामी त्या दाराशी बसली. दिवसभर नखांनी दार खरवडत राहिली. दूध दिलं, प्यायली, पुन्हा दाराशी. तराजूवाला दुसऱ्यांचे तराजू दुरुस्त करत होता आणि ती खरवड ऐकत होता. तेलाचा, पितळेचा, गंजाचा वास. आणि खर्र, खर्र, खर्र.

दोनच दिवसांत मामीच्या अंगाला भार आल्यासारखा वाटला. त्याला विजय झाल्यासारखं वाटलं. पाहुण्याला उचलायला गेला, तर तोही कालच्यापेक्षा जड. तेव्हासुद्धा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

आठवड्याचं वजन आलं. बायको दाराचा आधार घेत दुकानात आली आणि मोठ्या वजनकाट्याच्या लोखंडी पाटावर उभी राहिली. सुई चढली. मागच्या आठवड्याला केलेल्या खुणेच्या पुष्कळ अलीकडे थांबली.

त्यानं सुईवर टिचकी मारली. सुई तिथंच.

"काय झालं? तुमची सुई पण रुसली वाटतं माझ्यावर?"

"उतर."

"अहो, सांगा तरी…"

"उतर म्हणतो ना!"

एवढ्यात उघड्या दारातून मामी आत सरकली. धड चालवत नव्हतं, पण गेली. खाटेवर पाहुणा होता. मामी खाटेच्या पुढ्यात गार फरशीवर आडवी पसरली, पहिल्या दिवशी पसरली होती तशीच, त्याच जागी. बायको खाटेवर निजायची आणि पाहुणा यायचा, त्या वाटेवर बरोबर.

तराजूवाला दारात उभा राहिला. मामीला कोणी लुटत नव्हतं. मामी पहाऱ्याला बसली होती. जे जायचं ते आपल्यातून जाऊ देत होती. आणि त्यानं, शहाण्यानं, पहारेकऱ्यालाच कोंडून घातलं होतं.

त्यानं पाहुण्याला गोणपाटाच्या पिशवीत घातलं. पाहुणा धडपडला नाही. पिशवीतूनही घुरघुर येत होती. वजन एवढं, की पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत जावं लागलं. पूल ओलांडला, जुनी गोदामं मागं टाकली, आणि जिथं रस्त्याला घरंच नाहीत तिथं पिशवी उपडी केली. पाहुणा बाहेर आला, अंग ताणलं, आणि त्याच्या पोटरीला घासला.

"इथंच राहा. मागं येऊ नकोस."

आला नाही. तराजूवाल्यानं दोनदा वळून पाहिलं. पाहुणा रस्त्याच्या मधोमध बसून होता.

घरी आला तेव्हा दिवेलागण व्हायची होती, पण खोलीत अंधार. बायको खाटेवर पडलेली. जिवंत होती, पण उशीवर डोक्याचा खड्डासुद्धा पडला नव्हता. शेजारी मामी, घडी घालून ठेवल्यासारखी.

"अहो…" तिचे ओठ हलले, आवाज फार लांबून आल्यासारखा. "दोरी बांधून कोणीतरी ओढत नेलं… पुलापर्यंत कळत होतं मला… मग नुसतं सुटलंच…"

तराजूवाला चपला न घालता धावत सुटला. त्या वयाच्या माणसाला गल्लीनं कधी धावताना पाहिलं नव्हतं. शिंपिणीनं हाक मारली, "काका, काय झालं?" त्यानं मागं पाहिलं नाही. त्याला आता एकच माहीत होतं. नेलेलं त्या बोक्याच्या अंगात होतं. बोका लांब गेला की तेही लांब जात होतं.

पाहुणा तिथंच होता, रस्त्याच्या मधोमध. तोंड या बाजूला करून, पाय पोटाशी घेऊन. वाट बघणाऱ्याचा उतावीळपणासुद्धा नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. तराजूवाल्यानं खाली वाकून त्याला दोन्ही हातांनी उचललं. ज्यानं कधी कोणापुढं मान वाकवली नव्हती, तो त्या मांजराच्या कानात म्हणाला, "चल. घरी चल."

त्या दिवसापासून पाहुणा त्याच्याजवळ. दुकानात, त्याच्या मांडीवर. सकाळपासून दिवे लागेपर्यंत. त्यानं स्वतःशी हिशेब केला होता, गेलेलं परत येवो न येवो, पुढचं आता आपल्या अंगातून जाईल. रात्री बोका त्याच्याच अंथरुणात. मामी खाटेवर गादीवर निजायला लागली आणि पुन्हा सगळ्यांकडे तुच्छतेनं बघायला लागली. बायको जेवायला लागली. सुई खुणेजवळ आली, खूण ओलांडली.

"बघा, सुधारले की नाही मी?"

"हूं."

"हूं काय? तोंडभरून हसा तरी. अहो, आणि त्याला सारखं मांडीवर का घेऊन बसता? पूर्वी तर मामीलासुद्धा झटकायचात."

"थंडी आहे."

थंडी नव्हती. तो स्वतः वजनकाट्यावर काही उभा राहत नव्हता. जगाचं वजन करणारा माणूस त्या पाटाला वळसा घालून जायचा. पण बायकोला डोळे होते. तो खाटेच्या कडेला बसला की खाट पूर्वी करकरायची आणि ती घरंगळून त्याच्याकडे यायची. हल्ली खाट करकरत नव्हती. ती जिथल्या तिथं राहायची. हे तिनं बरेच दिवस मनात ठेवलं.

एका दुपारी वीज गेलेली असताना ती मामीला काखेत घेऊन दुकानात आली. बाहेर ढग दाटले होते. दुकानात उजेड नव्हता, होता तो पितळेवरचा. पाहुणा उंबऱ्यावर निजला होता.

"उभे राहा."

"कशावर?"

"त्याच्यावर. मला उभी करता ना दर आठवड्याला?"

"मी काय माल आहे?"

"मग मी माल होते होय?" ती हळू म्हणाली. "उभे राहा… माझ्यासाठी."

तराजूवाला मुकाट्यानं पाटावर चढला. तोंड भिंतीकडे केलं. सुई बघायची नाही, एवढंच त्याच्या हातात होतं. खालची स्प्रिंग नुसती कुजबुजली. पाट जवळजवळ हललाच नाही. बायकोचा श्वास अडकलेला त्यानं ऐकला.

मग पाट दबला.

मागच्या बाजूनं, टाचेजवळ. अलगद. ही लबाडी त्याला चांगली ठाऊक होती. माल पाटावर असतो, आणि व्यापारी गप्पा मारता मारता मागून पायाचा अंगठा कडेवर टेकवतो. अशा कित्येकांचे अंगठे त्यानं भर बाजारात पकडले होते, नावं घेऊन शिव्या दिल्या होत्या. आज ती लबाडी बायको करत होती. त्याच्या समाधानासाठी बिचारी पाय देत होती.

"पाय काढ," तो शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाला.

"कुठला पाय?"

आवाज मागून आला नाही. समोरून, सुईच्या बाजूनं आला. त्यानं मान वळवली. ती तिथं उभी होती, मामीला दोन्ही हातांनी धरून. दोन्ही पाय फरशीवर.

"मागं कोण आहे…?"

"मागं तुमची कपाटं आहेत. कोणी नाही." ती सुईकडे बघत होती. चेहऱ्यावर हळूहळू हसू येत होतं. "अहो, उगाच घाबरले मी. चांगलं भरलंय की वजन. माझ्या दुखण्याच्या आधी तुमचं होतं तेवढंच… नाही, जास्तच आहे… अजून चढतेय."

मामी तिच्या हातांत ताठ झाली. उंबऱ्यावर पाहुण्यानं एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

"उतरा आता."

तराजूवाला उतरला. सुई केसभरच खाली आली, तेवढाच तो उरला होता, आणि तिथंच थांबली. रिकामा पाट मागच्या कडेला अजून दबलेला होता.